अर्जापूर्वीचे वाचन

अनुदान हा शब्द कानाला मोठा गोड लागतो. कर्ज म्हटले की मनुष्य सावध होतो, देणगी म्हटले की संकोचतो. परंतु अनुदान म्हटले की त्याला वाटते, हे सरकारने आपल्यासाठीच काढून ठेवलेले आहे, आता केवळ हात पुढे करावयाचा अवकाश. वर्तमानपत्रातील जाहिरात असो, कार्यालयाच्या भिंतीवरील फलक असो किंवा भ्रमणध्वनीवर शेजाऱ्याने पाठविलेला चार ओळींचा मजकूर असो, सर्वांत ठळक अक्षर शेकडेवारीचे असते. पस्तीस टक्के, पन्नास टक्के. त्या अक्षराखाली जो बारीक मजकूर असतो, त्यातच देणाऱ्याचा खरा अभिप्राय दडलेला असतो. तो मजकूर अर्ज करण्यापूर्वी कसा वाचावा, हा आजच्या भाषणाचा विषय होय. विषय रुक्ष खरा. परंतु ज्याच्या घरी महिन्याची मिळकत महिन्यातच सरते, त्याच्या दृष्टीने या वाचनावर पुढची चार-पाच वर्षे अवलंबून असतात.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. मुंबईच्या उपनगरांत, गोरेगावच्या पूर्वेस, आरे कॉलनी आहे. अलीकडे तिचे नाव निघते ते झाडांच्या आणि मेट्रोच्या कारशेडच्या वादामुळे. तथापि तिचा जन्मच मुळी एका सरकारी योजनेतून झाला. शहराच्या दाट वस्तीतील म्हशींचे गोठे बाहेर हलवावे आणि मुंबईकरांना निर्भेळ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली सुमारे १,२८७ हेक्टर जमिनीवर ही वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे या कार्यामागील प्रमुख गृहस्थ. पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे गोठ्यांची बत्तीस युनिटे बांधली गेली. आजही येथील माणूस आपला पत्ता सांगताना गल्लीचे नाव सांगत नाही, युनिटाचा नंबर सांगतो.

या योजनेचे स्वरूप ध्यानी घेण्याजोगे आहे. म्हशी मालकाच्या, गोठा आणि जमीन मात्र सरकारची. मालकाला निवारा, पाणी व चारा यांची सोय मिळाली आणि तिच्या मोबदल्यात परवान्याच्या अटी व ठरलेले शुल्क त्याच्याकडे आले. म्हणजे सवलतीच्या पोटात अट असते, हा धडा आरेच्या भूमीवर पाऊणशे वर्षांपूर्वीच गिरविला गेलेला आहे. अट असणे यात गैर काहीच नाही. सार्वजनिक पैसा अटीवाचून देणे हाच उलट अपराध ठरेल. गैर आहे ते अट न वाचता सही करणे.

गोठ्यांच्याही आधीपासून या टेकड्यांत वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा अशी त्यांची नावे. असे सत्तावीस पाडे सांगितले जातात. थोडी भातशेती, परसातला भाजीपाला, पावसाळ्यात रानभाज्यांची विक्री आणि शहरातील मोलमजुरी यांवर तेथील संसार चालतात. आता अशी कल्पना करावी की, यांपैकी एका पाड्यावर दहा बायकांचा एक बचत गट आहे. नाचणीचे पापड आणि करवंदांचे लोणचे करून त्या स्टेशनाबाहेर विकतात. गटाच्या खात्यावर चार वर्षांची चाळीस हजार रुपयांची शिल्लक आहे. एके दिवशी गटातील एका बाईचा मुलगा बातमी आणतो की, खाद्यपदार्थांच्या उद्योगाला सरकार पस्तीस टक्के अनुदान देते, मुदत थोडीच उरली आहे, आणि एक ओळखीचा मनुष्य अर्ज भरून देण्यास तयार आहे. त्या मनुष्याला पाच हजार रुपये तेवढे आधी द्यावयाचे. या दहा जणींनी आता काय करावे?

पहिली गोष्ट ही की, बातमीवर न थांबता मूळ कागद मिळवावा. महाराष्ट्रात योजना अंमलात येते ती शासन निर्णयाने. शासन निर्णय मराठीत असतो, सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतो, आणि त्याची घडण ठरलेली असते. माथ्यावर विभागाचे नाव, क्रमांक व दिनांक, नंतर प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय व अटी, शेवटी कोणत्या लेखाशीर्षातून खर्च भागवावयाचा त्याचा उल्लेख, संगणक सांकेतांक व अधिकाऱ्याची सही. प्रस्तावनेत योजनेचा हेतू असतो, आणि सामान्य वाचक तेवढाच भाग वाचून हर्षभरित होतो. जाणत्याने शेवटापासून आरंभ करावा. लेखाशीर्ष व तरतूद नमूद असेल, तर पैसा कोठून येणार याचा काही ठाव लागतो. नुसता हेतूच असेल, तर तो कागद म्हणजे अद्याप आश्वासन होय.

दुसरी गोष्ट दिनांकाची. दुभत्या जनावरांसाठी नाबार्डमार्फत राबविलेली एक योजना २०१० साली सुरू झाली होती. तिच्यात दहापर्यंत जनावरांच्या गोठ्याला खर्चाच्या पंचवीस टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना तेहतीस टक्क्यांहून किंचित अधिक अनुदान होते. गोठेवाल्यांमध्ये तिचा मोठा बोलबाला झाला. ती योजना पुढे बंद पडली. पण मजकूर एकदा फिरू लागला की योजनेबरोबर तो मरत नाही. तारीख खोडलेली जाहिरात वर्षानुवर्षे हातोहात फिरते आणि प्रत्येक फेरीत कोणाचे तरी दोन दिवस आणि गाडीभाडे घेऊन जाते. ज्या जाहिरातीवर दिनांक नाही, ती जाहिरात नव्हेच, असे समजून चालावे.

आपल्या दहा जणींना जी योजना ऐकू आली, ती सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली काढलेली. तिची मूळ मुदत २०२०-२१ ते २०२४-२५ अशी पाच वर्षांची होती, एकूण तरतूद १०,००० कोटी रुपयांची होती, आणि केंद्र व राज्य यांनी खर्च साठास चाळीस या प्रमाणात वाटून घ्यावयाचा होता. मूळ मुदत संपल्यावर अशा योजनेला वाढ मिळते, तेव्हा अटीही पालटू शकतात. म्हणून आज तिच्याकडे पाहणाऱ्याने जिल्हा कार्यालयात प्रथम हेच विचारावे की, चालू वर्षी नवे अर्ज घेतले जात आहेत काय, आणि कोणत्या अटींवर?

तिसरी गोष्ट पात्रतेची. येथे एकेका शब्दाला किंमत असते. अनुसूचित जमाती हा शब्द माणसांविषयी आहे. अनुसूचित क्षेत्र हा शब्द भूमीविषयी आहे. आरेच्या पाड्यांतील वारली बाई अनुसूचित जमातीची आहे यात संशय नाही. परंतु मुंबई उपनगर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. जी योजना पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या वारल्यांना क्षेत्रामुळे लागू होते, ती आरेतील त्यांच्याच सोयऱ्यांना लागू होईलच असे नाही. तीच गोष्ट ग्रामीण व नागरी या भेदाची. पाड्यावर उभे राहिले की समोर भाताची खाचरे, मागे जंगल, रात्री बिबट्याची भीती. खेडे म्हणजे याहून निराळे काय असते? तथापि सरकारदरबारी आरे हा महानगरपालिकेच्या हद्दीतील भाग आहे, म्हणजे शहर आहे. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्त्रिया व अनुसूचित जमाती यांना ग्रामीण भागात पस्तीस टक्के आणि शहरी भागात पंचवीस टक्के असे दर ठेवले गेले. जाहिरातीत पस्तीसाचाच आकडा ठळक असावयाचा. पाड्यावरच्या बाईने मात्र पंचवीस धरून हिशेब मांडावयास हवा. चार लाखांच्या उद्योगात हा फरक चाळीस हजारांचा होतो, म्हणजे गटाच्या चार वर्षांच्या बचतीएवढा.

पात्रता असणे निराळे आणि ती कागदावर सिद्ध करणे निराळे. जमातीचा दाखला काढावयाचा तर महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख आहे. कुटुंबाचा तेव्हापासूनचा रहिवास पुराव्याने दाखवावा लागतो. ज्या कुटुंबांच्या आज्या-पणज्या याच टेकडीवर राहिल्या, परंतु ज्यांच्या घरी त्या काळी शाळेचा दाखला वा जमिनीचा उतारा असा कागदच शिरला नव्हता, त्यांना ही तारीख गाठणे सोपे नाही. म्हणून अर्जासोबत जोडावयाच्या कागदांची यादी प्रथम वाचावी आणि जो कागद मिळावयास सर्वाधिक काळ लागेल, त्याच्या पाठीस प्रथम लागावे. मुदत आठ दिवसांची आणि दाखल्याला लागणार चार महिने, असे असेल तर या वर्षीचा अर्ज सोडून पुढील वर्षाची तयारी करणे हेच शहाणपण. नाहीतर बैल गेला आणि झोपा केला, अशी गत व्हावयाची.

परंतु अटीचा उलटा प्रकारही घडतो, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पुष्कळ माणसे अट न वाचताच स्वतःला अपात्र ठरवितात. वर सांगितलेल्या रोजगार निर्मिती कार्यक्रमात आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती खरी. पण ती उत्पादनाचा उद्योग दहा लाखांहून किंवा सेवेचा उद्योग पाच लाखांहून मोठा असेल तरच लागू होती. चौथीनंतर शाळा सुटलेली एखादी बाई, आपल्याला शिक्षण नाही, आपल्याला कोण देणार, म्हणून मागे सरली असेल, तर तिला योजनेने नाकारले नाही. ऐकीव गोष्टीने नाकारले.

चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत महत्त्वाची, ती ही की, हा पैसा कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. एक पैसा थेट हाती येतो. दुसरा खर्च आधी स्वतः केल्यावर पावत्या दाखवून परत मिळतो. तिसरा कर्जाला जोडलेला असतो: बँकेने कर्ज दिले तरच अनुदान, एरव्ही नाही. अन्नप्रक्रियेची योजना या तिसऱ्या जातीची. तिच्या नियमांप्रमाणे अनुदान कर्जदाराच्या नावाने बँकेत निराळे ठेवले जावयाचे. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी खाते सुरळीत असेल व उद्योग चालू असेल, तरच ती रक्कम कर्जात वळती करावयाची. म्हणजे अनुदानाचा रुपया पाड्यावर कधी दिसतच नाही. तो दिसतो कर्जाच्या पुस्तकातील एका ओळीत, आणि तोही परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर.

याचा हिशेब मांडून पाहावा. यंत्रे, भांडी व शेड मिळून चार लाखांचा उद्योग धरला, तर किमान दहा टक्के, म्हणजे चाळीस हजार, गटाने घालावयाचे. पस्तीस टक्क्यांचे अनुदान एक लाख चाळीस हजार. उरले दोन लाख वीस हजार, ते निव्वळ कर्ज. परंतु प्रारंभी अनुदान यावयाचे असते, म्हणून बँकेला तीन लाख साठ हजारांपर्यंत कर्ज उभे करावे लागते. व्याज शेकडा अकरा आणि मुदत पाच वर्षांची धरली, तर दोन लाख वीस हजारांवर मासिक हप्ता सुमारे ४,८०० रुपये पडतो आणि तीन लाख साठ हजारांवर सुमारे ७,८०० रुपये. या दोन आकड्यांमध्ये महिन्याला तीन हजारांचे अंतर आहे. अनुदान येईपर्यंत आणि आल्यानंतर हप्ता कोणत्या रकमेवर धरणार, हा प्रश्न बँकेच्या अधिकाऱ्याला सहीपूर्वी विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर लिहून घेतले पाहिजे.

आता या हिशेबात पावसाळा मिळवावा. पापड वाळवावयास ऊन लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आरेच्या झाडीत ऊन कोठले? चार महिने धंदा मंद, हप्ता मात्र बारा महिने. वाळविण्याचे यंत्र घ्यावे तर त्याला वीज लागते आणि उद्योगाची किंमत वाढते. हप्ते थकले की खाते बिघडते, आणि खाते बिघडले की ज्या अनुदानाच्या आशेने कर्ज काढले, तेच हातचे जाते. मग पस्तीस टक्क्यांच्या मागे लागून शंभर टक्क्यांचे ओझे डोक्यावर येते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण सर्वांना पाठ असते; परंतु हे अंथरूण दुसऱ्याचे आहे आणि तीन वर्षे पसरून मिळावयाचे नाही, हे ध्यानात राहत नाही.

त्याच योजनेत बचत गटांसाठी आणखी एक कलम होते. खेळते भांडवल व लहान अवजारे यांकरिता प्रत्येक सभासदास चाळीस हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल. ऐकताना वाटते, दहा जणी, म्हणजे चार लाख रुपये पदरात. परंतु नियम पुढे वाचला की कळते की, ही रक्कम अनुदान म्हणून मिळते ती गटांच्या संघाला. संघाने ती सभासदांना कर्जाऊ द्यावयाची आणि सभासदांनी फेडावयाची. देणाऱ्याच्या वहीत जे अनुदान, तेच घेणाऱ्याच्या वहीत कर्ज. यात फसवणूक मुळीच नाही, किंबहुना पैसा फिरता राहावा म्हणून ही व्यवस्था योग्यच आहे. मात्र अनुदान या एका शब्दावर विसंबून ज्या बाईने ते पैसे घराच्या पत्र्यांवर खर्च केले, तिच्यावर अनर्थ ओढवेल.

पाचवी गोष्ट आकाराची. राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ साली फेररचना झाली. शेळीपालनाला पन्नास टक्के अनुदान, कमाल मर्यादा पन्नास लाख, अशी वार्ता सर्वत्र गेली. दारात सहा शेळ्या असलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावे असाच हा आकडा. परंतु आरंभीची अट पाचशे शेळ्या व पंचवीस बोकड यांच्या कळपाची होती. पुढे शंभर शेळ्यांपासूनचे लहान टप्पे आले, तरी सहा आणि शंभर यांतले अंतर थोडे नव्हे. योजना कितीही चांगली असो, ती आपल्या मापाची आहे काय हे पाहावे. कमाल मर्यादेचा आकडा मोहात पाडतो. किमान अटीचा आकडा निर्णय करतो.

सहावी गोष्ट जागेची, आणि आरेपुरती तीच खरी अडचण. येथील जमीन मुख्यत्वे राज्याच्या दुग्धव्यवसाय खात्याची. तीतील ८१२ एकर २०२१ साली वनखात्याकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याच्या नावावर उतारा नाही. कायम स्वरूपाची शेड बांधावयाची अट असेल, तर जमीनमालकाची संमती लागते, आणि ती मिळेल असे धरून कर्ज काढणे धोक्याचे. परंतु येथेही बारीक मजकूर मदतीस येतो. अन्नप्रक्रियेच्या योजनेत जमिनीची किंमत धरावयाची नव्हती. भाड्याच्या शेडचा खर्च मात्र तीन वर्षांपर्यंत धरता येत होता. म्हणजे पाड्यावर बांधकाम न करता गोरेगावात वा मरोळला एखादा गाळा भाड्याने घेऊन हे काम करता येईल काय, असा निराळा प्रश्न उभा राहतो. अट वाचल्याने वाट बंद होते तशी कधी कधी नवी वाटही उघडते.

राहता राहिला तो पाच हजार मागणारा मध्यस्थ. अर्ज लिहून देण्याची रास्त मजुरी घेणारा निराळा आणि मंजुरी आणून देतो म्हणणारा निराळा. मंजुरी विकण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय अर्जाचा खर्च एवढ्यावर थांबत नाही. दाखले, छायाप्रती, कार्यालयाच्या तीन-चार खेपा आणि प्रत्येक खेपेला बुडणारी मजुरी हे सर्व धरावे. मिळण्याचा संभव थोडा आणि खर्च निश्चित, अशी स्थिती असली म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हाच प्रकार होतो.

इतके वाचून झाल्यावर त्या दहा जणींपुढे तीन मार्ग उरतात. आजच अर्ज करणे. तयारी करून पुढे अर्ज करणे. किंवा अर्जच न करणे. तिन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. वरील हिशेबावरून पाहता त्यांनी मधला मार्ग धरावा हे बरे. अन्नसुरक्षेची नोंदणी करावी, रोजच्या विक्रीची वही वर्षभर ठेवावी, जमातीचे दाखले गोळा करावे, पावसाळ्यात विक्री किती उतरते ते आकड्यांत पाहावे, आणि चाळीस हजारांची शिल्लक तोवर कोणाच्याही हाती देऊ नये. वर्षाच्या अखेरीस पावसाळ्यातील विक्रीतूनही हप्ता निघतो असे वहीने सांगितले, तर त्यांनी निर्भयपणे अर्ज करावा. बँकेलाही अशीच वही हवी असते. ही योजना तोवर संपली, तरी वही फुकट जात नाही. दुसऱ्या योजनेलाही तीच उपयोगी पडते.

शेवटी एक गोष्ट शहरातील सुशिक्षित कुटुंबांसाठी. पाड्यावरची बाई भाजी घेऊन दारी येते, कोणाकडे धुणीभांडी करते. तिच्या पिशवीत कधी असा एखादा घडी घातलेला कागद असतो. तो वाचून दाखविण्यास अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात वाचणाऱ्याने तिच्या वतीने निर्णय करू नये; उत्साहाने अर्ज भरून देऊ नये, किंवा यात काही अर्थ नाही म्हणून कागद परतही करू नये. केवळ सहा प्रश्न तिच्यासमोर मांडावे: कागद कोणाचा व केव्हाचा, आपण त्यात बसतो काय, पैसा देणगीचा की फेडीचा, आकार आपल्या मापाचा काय, जागा कोणाची, आणि अर्जाला खर्च किती. उत्तरे तिला पुष्कळदा वाचणाऱ्याहून अधिक चांगली ठाऊक असतात. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नसते. ते तीच सांगते.